तोंडाला पट्टी, कानाला दडा: एका लष्करी प्रेम-थरार कादंबरीबद्दल (शेवट फुटणार आहे!)

अर्धविराम:

काल रात्री दीड वाजता एक पुस्तक चिडून उशीखाली सारलं, सकाळी परत बाहेर काढलं आणि उरलेली चाळीस पानं संपवली. तेव्हापासून कोणाशी तरी भांडायचंय, म्हणून हा धागा.

पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण शेवटासकट सगळं फोडणार आहे. ज्यांनी वाचलंय ते चार ओळींत ओळखतील. बाकीच्यांनी त्या जातकुळीतलं कुठलंही डोळ्यांसमोर आणा: अमेरिकन नौदलातला सील कमांडो, एक हुशार बाई, आपल्यातलाच कोणीतरी फितूर, आणि साडेतीनशे पानांत दोघांनी जीवही वाचवायचा आणि एकमेकांच्या प्रेमातही पडायचं.

गोष्ट अशी. ती नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात लेफ्टनंट. अफगाणिस्तानातल्या एका तळावर कानाला हेडफोन लावून पकडलेली संभाषणं ऐकत बसते. पश्तो उत्तम येते. तो चीफ पेटी ऑफिसर, अठरा वर्षं नोकरी झालेली. एका स्फोटात डावा कान गेलाय आणि ते त्याने सगळ्यांपासून लपवलंय. पहिल्या भेटीत ती डाव्या बाजूने हाक मारते, तो ढिम्म. तिला वाटतं, काय शिष्ट माणूस आहे. तीन पानांनी तिच्या लक्षात येतं, आणि ती काही न बोलता उठते, खुर्ची उचलते आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसते. मी तिथेच गारद.

त्यांचा एक खबरी आहे. सांगतो की जन्म कंदहारचा, सगळं आयुष्य कंदहारात गेलं. एका रेकॉर्डिंगमध्ये तो कोणावर तरी वैतागतो आणि म्हणतो, "तुला पख्तो कळत नाही का?" आता कंदहारचा माणूस 'पश्तो' म्हणेल. लिहायला अक्षर तेच, पण दक्षिणेकडे त्याचा उच्चार 'श'कडे झुकतो आणि पेशावरच्या बाजूला 'ख'कडे. भाषेचं नावच बदलतं! ती तो एक शब्द मागे नेऊन नेऊन ऐकते, हेडफोनने कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत. वरिष्ठ उडवून लावतो. चीफ एकटाच विचारतो, "किती खात्री आहे?"

इथवर मी पुस्तकाच्या प्रेमात होते. मग आलं पान २४०. तिला पळवतात. तोंडाला चिकटपट्टी. तिथून पुढे सत्तर पानं ती म्हणजे इकडून तिकडे उचलून न्यायचं सामान. अंधाऱ्या गोदामात तो एकटा तिघांना लोळवतो, ती कोपऱ्यात डोळे मोठे करून बघते.

जिची सगळी कमाई कानात आणि जिभेत, तिच्याच तोंडाला पट्टी? मग आधी एवढी हुशार केली कशाला?

भोचक:

पहिला! (किती वर्षांनी हा मान मिळाला.)

मुखपृष्ठ तेच ना, उघडी छाती, गळ्यात ओळखपट्ट्या आणि हनुवटीच्या वर माणूस संपलेला? म्हणजे कथा कानाची आणि चित्रातून कानच कापलेत. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

रात्रपाळी:

ओळखलं, ओळखलं! मी दोन बसण्यांत संपवलं हे पुस्तक. पण पट्टीबद्दल असहमत. पळवून नेलेल्या बाईचं तोंड बांधणारच ना? शत्रू काय तिला भाषण करायला बसवणार आहे? वास्तवाला धरून आहे ते.

माझा आक्षेप वेगळा आहे, नंतर लिहिते. ड्यूटीवर निघालेय.

शेवटचं_पान_आधी:

अर्धविरामतै, राग कळला, पण थोडी या प्रकाराची बाजू घेते. दोन दशकं हेच वाचत आलेय.

अमेरिकेतल्या प्रणयकथा लेखकांच्या संघटनेने केलेली व्याख्या दोनच अटींची आहे. मध्यभागी प्रेमकथा हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायक हवा. आता बघा, ही दुसरी अट थरारकथेच्या मुळावरच येते. दोघं जगणार, एकत्र येणार, हे मला पुस्तक हातात घेतानाच ठाऊक असतं. (मी तर तरीही शेवटचं पान आधी वाचते, आयडी बघा.) साध्या थरारकथेत 'मरेल का' या एका प्रश्नावर तीनशे पानं निघतात. इथे तो प्रश्न पहिल्याच पानावर बाद.

मग जीव कशात गुंततो? काय देऊन सुटतील, यात. पहिल्या प्रकरणात ज्याने जे मुठीत घट्ट धरलेलं असतं ते शेवटाला सोडावं लागतं की नाही, हे बघायला मी जागते. गोळीबार नुसता ती मूठ उघडायला भाग पाडतो. म्हणून लेखिकेने तिला पळवलं यात मला काही वावगं वाटलं नाही. मला टोचलं ते हे की त्या सत्तर पानांत कोणाचंच काही जात नाही. तिला ओरखडा नाही. याच्या मांडीत गोळी, आणि पुढच्याच प्रकरणात, चार तासांनी... असो. धागा सगळे वाचतात.

भोचक:

चार तासांनी काय? आम्हाला अर्धवट माहिती देऊ नये.

रात्रपाळी:

ड्यूटीवरून आले. मांडी! हाच माझा आक्षेप होता.

मी अपघात विभागात नर्स आहे. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. ती वाचली असेल असं धरू, तरी ज्या मांडीतून गोळी गेलीय ती मांडी त्या रात्री कशाच्याही उपयोगाची नसते. ते चार तासांनंतरचं प्रकरण वाचताना मी मोठ्याने "अरे पाय, पाय सांभाळ" म्हणाले, नवरा दचकून उठला.

आणि ती करते काय, तर त्याचाच शर्ट फाडून गाठ मारते. (या पुस्तकांत शर्ट नेहमी त्याचाच फाटतो.) तो कमांडो आहे हो, त्याच्या अंगावर रक्त थांबवायचा आवळपट्टा (टूर्निके) असणारच, ही माणसं तो एका हाताने काढता येईल असा अडकवून फिरतात. तो जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांधा सोडून बांधायचा, दांडी पिळत जायची, रक्त थांबेपर्यंत. नीट आवळला तर माणूस गुरासारखा ओरडतो आणि 'सैल कर' म्हणून गयावया करतो, आणि तरी सैल करायचा नाही. आणि किती वाजता बांधला ते त्यावर लिहायचं, कारण दोन तासांच्या पुढे गेलं की पायाची काळजी सुरू होते.

मला सांगा, ही बाई पुस्तकभर दर रेकॉर्डिंगवर वेळ टिपून ठेवते. तास, मिनिट, सेकंद. मग तिच्या हातात पेन देऊन तो प्रसंग किती भारी झाला असता? तो ओरडतोय, ती पिळतेय, आणि मग शांतपणे वेळ लिहितेय. मी रडले असते.

शेवटचं_पान_आधी:

हे सुंदर आहे. लेखिकेला कोणीतरी कळवा.

तपशीलवार:

बारीकसारीक चुका सगळ्याच पुस्तकांत असतात, त्यावर वेळ घालवत नाही. यांनी सीलची टीम फोर कोरोनाडोला नेऊन ठेवलीय. १, ३, ५, ७ या विषम टीम कॅलिफोर्नियात कोरोनाडोला असतात, सम आकड्यांच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनियात लिटल क्रीकला. प्रशिक्षणाच्या आठवणींत साडेपाच दिवसांचा तो 'हेल वीक', सगळी मिळून चारेक तासांची झोप, सोडून जाणाऱ्याने तीनदा वाजवायची घंटा, रांगेत मांडलेली शिरस्त्राणं. सगळं खरं आहे, पण अजून किती पुस्तकांत ती घंटा ऐकायची? मी आता घंटा आली की सहा पानं उलटतो. काही चुकत नाही.

मुद्दा वेगळाच आहे आणि वर कोणीच काढला नाही. ती लेफ्टनंट, म्हणजे कमिशन घेतलेली अधिकारी. तो चीफ पेटी ऑफिसर, म्हणजे कितीही अनुभवी असला तरी अधिकारी नव्हे. नौदलात या दोघांचं प्रेमप्रकरण चालतच नाही. त्याला तिकडे 'फ्रॅटर्नायझेशन' म्हणतात, लष्करी कायद्याचं कलम १३४. आणि त्या कलमाखाली खटला भरला जातो तो अधिकाऱ्यावर. म्हणजे तिच्यावर. जास्तीत जास्त शिक्षा म्हणजे सेवेतून बडतर्फी, सगळा पगार-भत्ता जप्त आणि दोन वर्षं कैद.

पुस्तकात यावर किती ओळी आहेत? दोन. पान ११२: "हे नियमात बसत नाही," ती म्हणते. "नियम गेले खड्ड्यात," तो म्हणतो. त्याला काय जातंय म्हणायला! खड्ड्यात ती जाणार आहे.

शेवटी त्याला वैद्यकीय कारणावरून निवृत्ती मिळते आणि तो अंगठी काढतो. वाचकाला वाटतं, चला, तो सैनिकच राहिला नाही, मार्ग मोकळा. पुढचा मोकळा, मागचा नाही. नंतर लग्न केलं म्हणून आधीचं माफ होत नाही, असं नौदलाचं धोरण स्पष्ट सांगतं.

शेवटचं_पान_आधी, तुम्ही म्हणता मूठ. ही घ्या मूठ. पुस्तकाने ती पान ११२ वर दाखवली आणि खिशात घातली.

शेवटचं_पान_आधी:

तपशीलवार, उठून टाळ्या. मी ते वाक्य वाचून चक्क पुढे गेले होते. 'नियम गेले खड्ड्यात' मला तेव्हा गोडच वाटलं होतं. आता परत वाचलं तर त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. उजव्या.

कंटाळा:

एवढी चिरफाड? विमानात वाचायचं पुस्तक आहे, प्रबंध नाही. मजा आली, विसरून गेलो. चीफ भारी आहे, गोदामातला प्रसंग भारी आहे. बाकी कलम-बिलम कोण बघतं.

अर्धविराम:

कंटाळा, विमानात वाचायच्या पुस्तकातही नायिकेला दोन वाक्यं बोलू द्यायला जास्तीचं इंधन लागत नाही. हलके घ्या.

दुभाषी:

पश्तोवाल्या भागावर लिहितो. पश्तोचा जाणकार नाही, पण बोलींशी रोजचं काम पडतं.

'श'–'ख'चा फरक खरा आहे. 'बरं', 'ठीक' अशा अर्थाचा त्यांचा अगदी रोजचा शब्द आहे, त्यातही तेच अक्षर येतं, पेशावरकडे 'ख', कंदहारकडे 'श'. म्हणजे लपवायचं म्हटलं तरी माणूस दर दोन वाक्यांत पकडला जाईल. पण नुसत्या एका शब्दावरून माणसाला फितूर ठरवणं भयंकर आहे. १९७९ नंतर लाखो अफगाण पाकिस्तानात निर्वासित म्हणून राहिले, कित्येकांची पोरं पेशावरच्या छावण्यांत वाढली आणि नंतर परत गेली. कंदहारी घरातला मुलगा 'पख्तो' म्हणत परत आला असेल तर त्यात कट कुठला?

लेखिकेला हे माहीत असावं, कारण नायिका तसा दावा करतच नाही. ती म्हणते, "तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. तो कंदहारातच राहिलाय हे खोटं आहे." माणूस वाईट आहे असं नाही, गोष्ट जुळत नाही एवढंच. तिचा वरिष्ठ हा फरक ऐकूनच घेत नाही. मला पुस्तकातला तो सगळ्यांत खरा प्रसंग वाटला. आमच्या कामात असं रोज होतं. तुम्ही मोजूनमापून एक वाक्य देता, समोरचा त्याचं 'हो की नाही' करून टाकतो.

आणखी एक, तिसऱ्या प्रकरणातलं. वरिष्ठ तिला सांगतो की जो शब्द नीट ऐकू येत नाही तिथे अंदाजाने भर. ती कंसात 'अस्पष्ट' लिहून पुढे जाते. तो ओरडतो, ती तरी तेच लिहिते. ऐकलेलं शब्दशः उतरवणाऱ्या माणसाचा स्वाभिमान म्हणजे काय, हे मी कुठल्याही कादंबरीत इतकं बरोबर वाचलेलं नाही.

कानोसा:

आयडी बघून लोकांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाठवून इथे बोलावलंय. होय, मी कान तपासते, ऑडिओलॉजिस्ट आहे. आणि होय, पुस्तक वाचलंय.

आधी कौतुक. तो चाचणीत कसा पास होतो ते आठवतंय? बंद खोलीत बसवलेलं असतं, हेडफोनमधून बारीक सूर सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. डाव्या कानाची पाळी येते तेव्हा तो समोरच्या काचेत तंत्रज्ञाच्या खांद्याची हालचाल बघतो आणि त्या अंदाजाने दाबतो. लोक हे खरंच करतात! म्हणूनच माणसाला आमचे हात दिसणार नाहीत असं तिरकं बसवायचं असतं. शिवाय वाईट कानात मोठा सूर सोडला की तो कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानात पोचतो आणि माणूस इमानदारीत बटण दाबतो. त्यासाठी आम्ही चांगल्या कानात मुद्दाम फसफस आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतो. पुस्तकातल्या तंत्रज्ञाने यातलं काही केलं नाही. आळशी होता म्हणू आणि सोडून देऊ.

सायलेन्सर लावलेल्या बंदुकीचा 'फुस्स' आवाज मात्र सोडणार नाही. गोळीचा आवाज १४० डेसिबलच्या वर, बऱ्याचदा १६०च्या आसपास असतो. ते नळकांडं त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतं. उरतो तो आवाजही दणदणीतच. शेजारच्या खोलीतला पहारेकरी झोपून राहत नाही.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कानातली घुंघुं. स्फोटाने कान गेलेल्या माणसाला शांतता मिळत नाही, त्या मेल्या कानात रात्रंदिवस शिट्टी नाहीतर भुणभुण चालू असते. अमेरिकेत माजी सैनिकांना ज्या त्रासांपायी भरपाई मिळते त्यांत हा त्रास सगळ्यांत वरचा आहे. साडेतीनशे पानांत त्यावर एक ओळ नाही. रात्री तळावर 'सगळीकडे निःशब्द शांतता पसरली होती' असं त्याच्या मनातून लिहिलंय. त्याच्यासाठी कुठली शांतता?

आता गोदाम. आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कानांमुळे कळतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात नंतर, फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि मेंदू त्यावरून दिशा काढतो. एक कान गेला की आवाज ऐकू येतो, दिशा जाते. माझ्याकडे येणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: फोन वाजतोय हे कळतं, पण तो घरात कुठे वाजतोय ते शोधता शोधता बंद होतो. अशी माणसं सवयीने मान फिरवत राहतात. आणि आपला चीफ ठार अंधारात, पावलांच्या आवाजावरून, तिघांना टिपतो. एका कानाने. मी पुस्तक मिटून पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसले होते.

निमूट_वाचक:

चार वर्षं फक्त वाचतोय, हा पहिला प्रतिसाद. चुकलं तर सांभाळून घ्या.

कानोसा म्हणतात की त्याला दिशा कळत नाही. पण गोदामात आणखी एक माणूस होता की. दोन कान शाबूत, आणि ऐकणं हाच धंदा.

मग तिने सांगायला हवं होतं ना? "डावीकडे. दोघं. एक चालतोय."

अर्धविराम:

निमूट_वाचक, चार वर्षं कुठे होतात तुम्ही?

थांबा, मला जरा नीट लिहू द्या. मी परवापासून पट्टीवर चिडलेय, कानोसा एका कानावर चिडल्यात, आणि दोन्ही एकाच ठिकाणच्या चुका आहेत. पट्टी काढली असती तर त्याचं एका कानाने दिशा ओळखणं नाटकी ठरलंच नसतं, कारण ते तिने केलं असतं. त्याचा गेलेला कान पहिल्या भेटीत हाक न ऐकण्यासाठी वापरला तो फक्त दोघांची ओळख व्हावी म्हणून, आणि गोदामाशी येईपर्यंत लेखिकाच विसरली की याला एकच कान आहे! लक्षात असतं तर तो प्रसंग आपोआप त्या दोघांचा झाला असता.

भोचक:

+१००. आणि आधीच्या शिष्टपणाची भरपाईही झाली असती. पहिल्या भेटीत ती डावीकडून बोलते आणि त्याला ऐकू येत नाही. गोदामात ती डावीकडचं सांगते आणि तो तिच्या शब्दावर बंदूक वळवतो. फुकट दिला असता हा प्रसंग मी.

(आज पहिल्यांदा गंभीर प्रतिसाद लिहिला. नोंद घ्यावी.)

रात्रपाळी:

मान्य, पण माझी शंका तशीच आहे. पळवून नेलंय, तोंड बांधलेलंच असणार. पट्टी कधी काढायची?

तपशीलवार:

पळवायचीच कशाला? अफगाणिस्तानात घरांवर छापे पडायचे तेव्हा आतल्या बायकांशी पुरुष सैनिकांनी बोलणं म्हणजे नवी आफत, म्हणून २०११ पासून अमेरिकन लष्कराने निवडक बायकांची छोटी पथकं कमांडोंबरोबर रात्रीच्या मोहिमांना धाडली. बायकांना सगळ्या लढाऊ जागा अधिकृतपणे खुल्या करायचा निर्णय डिसेंबर २०१५ मधला, तोवर या बायका कागदोपत्री नुसत्या 'सोबत' होत्या. कादंबरीचा काळ अगदी तोच आहे. नायिकेला भाषा येते. तिला त्या रात्री 'सोबत' म्हणून नेलं असतं तरी ती गोदामापर्यंत स्वतःच्या पायांनी आणि उघड्या तोंडाने पोचली असती.

आणि तिथे तिने जीव वाचवला असता, तर कलम १३४ची चौकशी बसल्यावर साक्ष देताना चीफला काय सांगावं लागलं असतं? "तिच्या आवाजावर मी गोळी झाडली." एवढा विश्वास कुठून आला, हा पुढचा प्रश्न. खरं बोलला तर ती बुडते, खोटं बोलला तर तिने केलेलं पुसलं जातं. घ्या थरार.

शेवटचं_पान_आधी:

मला हे पुस्तक हवंय. आहे त्या पुस्तकापेक्षा हे जास्त हवंय. पन्नास पानं चौकशीची, एकही बंदूक नको.

कंटाळा:

बरं बाबा, हे मीही वाचेन. पण विमानातच.

दुभाषी:

एक राहिलंच. ते साक्षीचं नोंदवून घेणारं कोणीतरी असेल आणि ऐकू न आलेल्या जागी काय लिहायचं हे ठरवावं लागेल. डोक्यात चक्र सुरू झालंय, झोप गेली.

कानोसा:

अवांतर: शेवटच्या पानावर ती चुकीच्या बाजूला बसते, हे कोणाच्या लक्षात आलं का? पायऱ्यांवर दोघं बसलेत, त्याचे निवृत्तीचे कागद मांडीवर, अंगठी देऊन झालीय, आणि ती 'त्याच्या डाव्या खांद्यावर डोकं टेकवते'. पुस्तकभर ती उजवीकडे असते. मी संपादनाची चूक समजून सोडून दिलं होतं.

शेवटचं_पान_आधी:

मी ते पान सगळ्यात आधी वाचलं होतं! तेव्हा डावं-उजवं काही माहीतच नव्हतं. म्हणून निसटलं. पुढे असं आहे ना की ती काहीतरी पुटपुटते, तो मान वळवून "काय?" विचारतो आणि ती हसते, संपलं?

अर्धविराम:

परत काढलं पुस्तक. हो. अगदी तसंच आहे. ती काय पुटपुटली ते वाचकालाही दिलेलं नाही. मी काल ते 'आय लव्ह यू' असणार असं गृहीत धरून पान उलटलं होतं.

पण शोधलं तर चूक वाटत नाही. त्याच्या आधीच्याच परिच्छेदात ती उजव्या बाजूची जागा मोकळी असताना वळसा घालून डावीकडे येते, आणि 'वळसा घालून' हे शब्द तिथे आहेत. म्हणजे मुद्दाम आली. जे त्याला ऐकू जाऊ नये ते बोलायला आली. काय असेल? बडतर्फीचं पत्र तिच्या खिशात असेल आणि तपशीलवार म्हणतात ती किंमत तिने त्याला न सांगता चुकवली असेल? की नुसतंच काही गोड, ज्याचं उत्तर तिला नकोच होतं?

दुभाषी, तिसरं प्रकरण आठवा. तिथे तिने काय लिहिलं असतं ते तुम्हीच सांगितलंत.

दुभाषी:

(अस्पष्ट)

रात्रपाळी:

अंगावर काटा. लेखिकेला गोदामाबद्दल अर्धी माफी.

कानोसा:

पाव. घुंघुंबद्दल अजून हिशोब बाकी आहे.

निमूट_वाचक:

माझ्याकडची प्रत एका मित्राने नेली ती गेलीच. कोणाकडे जास्तीची असेल तर व्यनि करा. शेवटचं पान परत बघायचंय.

भोचक:

मुखपृष्ठ फाडून पाठवतो, चालेल? तसाही त्यात बघण्यासारखा कान नाही.